आजोबांचा कॅमेरा आणि दुसरं भिंग

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या शेजारचा नववीतला मुलगा एका संध्याकाळी घरी आला. हातात लोकरीचा एक जाडजूड मोजा, आणि मोज्यात काहीतरी वजनदार.

मोज्यातून निघाला कॅमेरा! त्याचे आजोबा १९७० च्या दशकात नोकरीनिमित्त जर्मनीत होते. परत येताना त्यांनी तो आणला होता. आजोबा गेले आणि माळा आवरताना तो सापडला, मोज्यात गुंडाळलेला.

"काका, याच्यासाठी दुसरं भिंग घ्यायचंय. बाबा म्हणतात, एकच घेऊन देईन. कुठलं घेऊ? मला ते हे एवढं लांब हवंय, क्रिकेटच्या मॅचमध्ये फोटोवाल्यांकडे असतं ना, तसलं."

त्याच्या मागोमाग बाबाही आले. "अहो, आधी त्याला विचारा, मोबाइलमध्ये कॅमेरा असताना हे कशाला? रोलचे पैसे, धुवायचे पैसे, वर आता भिंग! आणि पुढच्या महिन्यात राजगड-तोरणा ट्रेक आहे त्यांचा. पाणी, डबा, अंथरूण सगळं पाठीवर. त्यात हे ओझं."

दोघांचंही म्हणणं खरं होतं. म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी कॅमेरा हातात घेतला. तुम्हीही घ्या, मनातल्या मनात.

त्यावर लिहिलं होतं, लायका सीएल. जर्मनीतली लाइट्‌झ आणि जपानमधली मिनोल्टा या दोन कंपन्यांनी मिळून हा कॅमेरा १९७३ मध्ये बाजारात आणला. (याच नावाचा एक डिजिटल कॅमेरा २०१७ मध्ये निघाला होता, पण तो वेगळा. जुन्या बाजारात नावावर भुलू नका.) आजोबांच्या कॅमेऱ्याचं नुसतं अंग, म्हणजे बॉडी, पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. पुढे बसवलेलं ४० मिलिमीटरचं भिंग जेमतेम सव्वाशे ग्रॅमचं. सगळं मिळून अर्धा किलो. तुमच्या दप्तरातल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा हलका!

एवढा हलका कसा? कारण तो रेंजफाइंडर जातीचा आहे. आता ही जात म्हणजे काय, ते समजून घ्यायला कॅमेरा लागत नाही. अंगठा पुरतो.

नाकासमोर वीतभर अंतरावर अंगठा धरा. डावा डोळा मिटा. आता तो उघडून उजवा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा टुणकन उडी मारतो ना? आता हात पुरता लांब करा आणि पुन्हा तेच करा. उडी लहान झाली. म्हणजे वस्तू जितकी लांब, तितकी उडी छोटी. आपले दोन डोळे साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असतात. या उडीवरून मेंदू हिशेब करतो की, समोरची वस्तू किती लांब आहे. चेंडू झेलताना तुम्ही हेच गणित करत असता, बिनबोभाट!

रेंजफाइंडर कॅमेऱ्यालाही असेच दोन डोळे असतात. पुढून पाहिलं तर एक मोठी काचेची खिडकी आणि काही अंतरावर एक छोटी. मोठ्या खिडकीतून तुम्ही समोरचं दृश्य पाहता. छोट्या खिडकीतून आलेलं चित्र आतल्या आरशांवरून वळून याच दृश्याच्या मधोमध एका उजळ चौकोनात दिसतं. भिंगाची कडी फिरवली की हे दुसरं चित्र सरकतं. सुरुवातीला समोरच्या माणसाला दोन नाकं दिसतात. कडी फिरवत राहायचं. दोन नाकांचं एक नाक झालं की समजायचं, फोकस जमला.

दुसऱ्या जातीच्या, म्हणजे एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे एक आरसा असतो आणि डोक्यावर काचेचा जड प्रिझम. फोटो काढताना आरसा खटकन वर उडतो, क्षणभर अंधार होतो. रेंजफाइंडरला हा उडता आरसाही नाही आणि तो प्रिझमही नाही. म्हणून तो चपटा, हलका आणि अगदी कमी आवाजाचा. शिवाय फोटो निघत असतानाही समोरचं दिसत राहतं. चौकटीबाहेरचंही दिसतं! कुणी धावत चौकटीत शिरत असेल तर आधीच कळतं.

मात्र या सोयीची एक गैरसोय आहे. आपण भिंगातून पाहत नसतो, वेगळ्या खिडकीतून पाहत असतो. ही गोष्ट मी फार महाग शिकलो. कॉलेजात असताना मावसभावाच्या मुंजीत मी एका मित्राचा जुना रेंजफाइंडर मागून आणला होता. मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत ३६ फोटो काढले. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. रोल धुऊन आला तो कोरा करकरीत. भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं! मावशी पुढे कित्येक वर्षं मला "झाकणवाला" म्हणायची.

असो. मुद्दा वजनाचा चाललाय.

गंमत म्हणजे या कॅमेऱ्यांचा जन्मच ओझ्याच्या त्रासातून झाला. ऑस्कर बारनाक नावाचा जर्मन तंत्रज्ञ होता (जन्म १८७९). त्याला फोटोंचा आणि रानावनात भटकण्याचा नाद. पण दम्याचा विकार. त्या काळचे कॅमेरे म्हणजे लाकडी पेट्याच, आणि फोटो काचेच्या जड पट्ट्यांवर निघत. ते सगळं घेऊन डोंगर चढताना बिचाऱ्याला धाप लागे. पुढे १९११ मध्ये तो वेट्‌झलार गावी लाइट्‌झ कंपनीत लागला. तिथे त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली आणि तिच्यावर आडवी २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट धरणारा चिमुकला कॅमेरा घडवला. पहिला नमुना १९१४ च्या सुमारास तयार झाला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि काम रखडलं. अखेर १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांसमोर आला. लाइट्‌झचं 'लाय' आणि कॅमेऱ्याचं 'का', मिळून लायका! भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर त्यात १९३२ मध्ये आला.

त्याच वर्षी आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच तरुणाने लायका घेतला. चकाकणाऱ्या भागांवर तो काळी पट्टी चिकटवी, म्हणजे कुणाचं लक्ष जायला नको. बहुतेक फोटो तो ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगाने काढी. भारत स्वतंत्र झाल्यानंतरच्या दिवसांत तो इथेच होता. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत तो गांधीजींना भेटला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. पुढचे दिवस, ती अफाट गर्दी, ती अंत्ययात्रा, सारं त्याने या छोट्या कॅमेऱ्यात टिपलं.

पण म्हणून कुणी असं समजू नये की, जड कॅमेऱ्यावाले मागे पडले. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. स्पीड ग्राफिकसारखा भलामोठा कॅमेरा त्या वापरत आणि साडी नेसून सायकलवरून दिल्लीभर फिरत. पण त्यांना राजगड चढायचा नव्हता. आमच्या दोस्ताला चढायचा होता.

तर, दुसरं भिंग कोणतं?

भिंगावर जो आकडा असतो, ४०, ५०, ९०, ते त्याचं नाभीय अंतर. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही शिकता तेच. आकडा लहान, तर भिंग समोरचा रुंद पट्टा पकडतं. आकडा मोठा, तर थोडाच भाग, पण मोठा करून. किती रुंद, ते सोप्या गुणाकाराने काढता येतं. वस्तूचं अंतर गुणिले ३६, भागिले नाभीय अंतर. तीन मीटरवर ४० चं भिंग दोन मीटर ७० सेंटिमीटर रुंदीचं दृश्य घेतं, म्हणजे बाकावर बसलेले चार-पाच जण. ९० चं भिंग तिथूनच एक मीटर २० सेंटिमीटर घेतं, म्हणजे दोघे.

"मग १३५ चं घेतलं तर एकच जण, आणि केवढा तरी मोठा!" आमचा दोस्त खूष होऊन म्हणाला.

इथेच खरी मेख आहे. अंगठ्याचा प्रयोग आठवा. दोन डोळ्यांतलं अंतर जितकं जास्त, तितका अंदाज नेमका. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये दोन खिडक्यांमधलं अंतर जवळजवळ सात सेंटिमीटर होतं. सीएल लहान करायचा म्हणून तिथे ते ३१.५ मिलिमीटरवर आणलं. शिवाय सीएलच्या खिडकीतून दृश्य खऱ्या आकाराच्या सहा दशांशच दिसतं. म्हणजे डोळ्याला उपयोगी पडणारं अंतर उरलं १९ मिलिमीटर! एम-३ मध्ये ते ६२ च्या घरात जातं. कॅमेरा हलका झाला खरा, पण त्याची अंतर ओळखण्याची नजरही तेवढीच अधू झाली.

आणि भिंग जितकं लांब पल्ल्याचं, तितकी फोकसची चूक त्याला खपत नाही. एफ/४ इतकं छिद्र ठेवून एक मीटरवरच्या माणसाचा फोटो घेतला, तर ४० च्या भिंगात पुढेमागे मिळून सुमारे १५ सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. ९० च्या भिंगात जेमतेम ३ सेंटिमीटर. नाकाचं टोक स्पष्ट, तर कान पुसट. १३५ मध्ये काय होईल, तुम्हीच सांगा.

लाइट्‌झच्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सीएलसाठी दोनच भिंगं काढली. ४० मिलिमीटर एफ/२ आणि ९० मिलिमीटर एफ/४. खिडकीतल्या चौकटीही ४०, ५० आणि ९० च्याच. १३५ ची चौकट नाहीच. ९० चं भिंग त्यांनी मुद्दाम एफ/४ इतक्या लहान छिद्राचं ठेवलं असणार, असं मला वाटतं. त्यामुळे ते पाव किलोच्या आसपास राहिलं, आणि छिद्र लहान असल्याने फोकसला थोडी तरी सवलत मिळाली. उजेड कमी असताना मात्र याचीच पंचाईत होते. शिवाय ९० ने फोटो घेताना हात हलू नये म्हणून शटर निदान सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतकं जलद हवं.

बाबांनी विचारलं, "आणि उलट बाजूने? २८ चं वगैरे? किल्ला आख्खा येईल."

येईल की. मिनोल्टाने पुढे सीएलई नावाचा याचा धाकटा भाऊ काढला, त्याच्यासोबत २८ चं भिंग होतं आणि ते याच्यावर बसतं. पण सीएलच्या खिडकीत २८ ची चौकट नाही. वर एक वेगळी छोटी दुर्बिणीसारखी खिडकी लावावी लागते. फोकस एका खिडकीतून, चौकट दुसरीतून. शिवाय सीएलमध्ये भिंगामागे उजेड मोजणारा एक नाजूक दांडा असतो, तो फोटोच्या वेळी बाजूला सरकतो. काही रुंद भिंगांचा मागचा भाग आत खूप खोल जातो, आणि मग हा दांडा त्याच्यावर आपटून मोडू शकतो. तेव्हा दिसेल ते भिंग बसवून पाहायचं नाही. आधी माहितगाराला विचारायचं.

दोघंही माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, "मी सांगणार नाही. कार्ड सांगेल."

हे कार्ड तुम्हीही बनवा. कॅमेरा नसला तरी चालेल. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या. त्याच्या मधोमध ७२ मिलिमीटर रुंद आणि ४८ मिलिमीटर उंच अशी खिडकी कापा. ही फिल्मवरच्या चौकटीच्या बरोबर दुप्पट आहे. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला एक दोरी बांधा. पुठ्ठ्यापासून ८० मिलिमीटरवर एक गाठ मारा आणि १८० मिलिमीटरवर दुसरी. ४० आणि ९० ची दुप्पट. आता पहिली गाठ डोळ्याखाली गालाच्या हाडाला टेकवा, दोरी ताणा, एक डोळा मिटा आणि खिडकीतून बघा. हे ४० चं भिंग! दुसरी गाठ टेकवा. हे ९० चं! आणखी भिंगं हवी असतील तर गाठी वाढवा. २८ साठी ५६ वर, १३५ साठी २७० वर. बाजारात कुणी एवढी भिंगं फुकट हाताळू देणार नाही.

मी त्याला सांगितलं, "आठ दिवस हे खिशात ठेव. जिथे फोटो काढावासा वाटेल तिथे कार्ड लाव. गाठ कोणती, समोर काय, ते वहीत लिही. आणि एक अट. ९० ची गाठ लावण्याआधी चार पावलं पुढे जाऊन बघ. तेवढ्याने काम होत असेल तर ते ४० मध्ये लिहायचं."

आठ दिवसांनी वही आली. शंभर पानी, मागच्या बाजूने लिहिलेली. एकूण ६३ नोंदी. १३५ ची गाठ त्याने माझ्या नकळत मारली होतीच, पण ती वापरली होती दोनदा, एकदा घारीसाठी आणि एकदा चंद्रासाठी. २८ पाच वेळा, त्यातली तीन नुसती आमच्या सोसायटीची इमारत. ४० च्या नोंदी ४३. उरलेल्या १३ नोंदी ९० च्या. त्या मात्र मी नीट वाचल्या. "नदीपलीकडे कपडे धुणारे काका." "झाडावर चढलेला भाऊ." "शाळेचा माळी, जवळ गेलो की हसतो आणि काम थांबवतो." आणि चार वेळा एकच ओळ होती. "आजी पेपर वाचताना झोपली. जवळ गेलं की जागी होते."

बाबांनी वही दोनदा चाळली. मग म्हणाले, "तेरा फोटोंसाठी चांगल्या गिअरच्या सायकलीएवढे पैसे!" थोडं थांबून, "घेऊ. पण मग वाढदिवसाला काही मागायचं नाही. आणि महिन्याला एकच रोल."

इथे आई-बाबांसाठी दोन शब्द. जुनं भिंग घेताना ते दिव्यासमोर धरून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते, आणि साफ केली तरी काचेवर डाग राहू शकतो. कडी फिरवताना अडकता कामा नये. छिद्राची पानं तेलकट नसावीत. कॅमेऱ्याला लागणारी जुनी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. श्रवणयंत्रात वापरतात ती झिंक-एअरची बॅटरी छोट्या कडीत बसवून काम भागवता येतं. तीही नसेल तरी शटर चालतंच, कारण ते यांत्रिक आहे. फक्त उजेडाचा अंदाज आपला आपण करायचा. भर उन्हात छिद्र एफ/१६ वर, आणि फिल्म ४०० वेगाची असेल तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर.

भिंग आलं. सापडलं ते मुंबईतल्या एका जुन्या संग्राहकाकडे, पुढची काच स्वच्छ, रंग जरा उडालेला. आमचा दोस्त सगळा संच घेऊन थेट वाण्याच्या दुकानात गेला आणि साखर मोजायच्या काट्यावर ठेवला. कॅमेरा, दोन भिंगं, एक रोल आणि पट्टा मिळून ८१५ ग्रॅम. वाण्याने विचारलं म्हणे, "पिशवी देऊ?"

ट्रेकहून परत आल्यावर रोल धुतला. राजगडाच्या बालेकिल्ल्याकडे जाणारी वाट, पद्मावती माचीवर चहा पिणारी सगळी गँग, हे सारं ४० चं. समोरच्या सोंडेवर रांगेने चाललेले मित्र, मुंग्यांसारखे, ते ९० चं. आणि रोलच्या सुरुवातीचे पाच फोटो घरातलेच होते. आजी आरामखुर्चीत, पेपर पोटावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आजी एकदाही जागी झाली नव्हती. त्या पाचांपैकी दोन फोटोंत चष्म्याची काडीसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. उरलेल्या तिघांत चेहरा धूसर आणि आजीचा कान मात्र अगदी छान, कुडीसकट.

आजीने तो कानाचाच एक फोटो मागून घेतला. म्हणाली, "ही कुडी तुझ्या आजोबांनी घेतलेली."